दोन राजवटी आणि एक समान घटक

जन्मभर मी एकच धंदा केला: देशांची एकमेकांशी तुलना. महाविद्यालयात पहिल्या वर्षाला 'तुलनात्मक शासनव्यवस्था : एक ओळख' हा विषय मी निवृत्त होईपर्यंत शिकवला, आणि ही ओळख पुढे वाढवावी असं एकाही विद्यार्थ्याला वाटलं नाही. त्यातला एक आता लिफ्ट दुरुस्त करतो. भेटला की वाकून नमस्कार करतो आणि म्हणतो, "सर, तुमच्या तासाला फार शांत झोप लागायची."

पहिल्या तासाला मी फळ्यावर दोन मोठे गोल काढायचो. हे दोन देश. एकात राजा, एकात राष्ट्राध्यक्ष, एकात संसद भांडकुदळ, एकात मुकी, सगळं वेगळं. आणि तरी एखादी गोष्ट दोन्हीकडे सारखीच घडत असेल, तर काय करायचं? दोन्हीकडे सारखा असलेला घटक शोधायचा. तो सापडला की कारण सापडलं. हे सांगताना मी खडू हवेत धरून थोडा थांबायचो, म्हणजे ज्ञान मुरेल. ते मुरायचं नाही, पण थांबायची सवय मला लागली ती लागलीच.

ही खोड घरीही गेली नाही. दोन शर्टांतला एक निवडायचा तर मी बाह्या, कॉलर आणि शिलाई असे निकष लावत बसे, आणि दुकानदार शटर अर्धं ओढून आमच्याकडे बघत उभा राही. बायको म्हणायची, "तुम्ही आरशासमोर उभे राहिलात तरी डावा कान उजव्याशी ताडून बघाल." एकदा मी खरंच बघितलं होतं. उजवा किंचित खाली आहे.

ती मागच्या वर्षी गेली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि माझा गुडघा जिन्याशी वैर धरून बसलेला. मुलगी आणि मुलगा दोघंही याच शहरात राहतात, आणि दोघांनीही एकाच आठवड्यात सांगितलं की बाबा, आता आमच्याकडे या. शेवटी असं ठरलं की आधी दोन महिने मुलाकडे राहायचं, मग दोन महिने मुलीकडे, आणि त्यानंतर कायमचं कुठे राहायचं ते मी सांगायचं. मी सांगितलं की जुनं घर सोडून द्यायचं. परतीची वाट राहणार नव्हती.

म्हाताऱ्या माणसाला दोन घरांतून बोलावणं येतं तेव्हा त्याने डोळे पुसावेत. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "उत्तम. दोन व्यवस्था, एकच निरीक्षक. अभ्यासाला याहून चांगली संधी नाही."

मुलीने भावाकडे बघितलं. भावाने खाली बघितलं.

मुलगा पुलांची तपासणी करतो. दिवसभर पुलाखाली उभं राहून कुठे तडा गेलाय ते बघायचं, हे त्याचं काम. घरी तो बोलत नाही. लहानपणीही बोलत नसे. सूनबाई दातांची डॉक्टर. लोक तिच्यासमोर दिवसभर तोंड उघडून बसतात, पण बोलते ती एकटीच, आणि तीच सवय ती घरी घेऊन येते. त्यांची मुलगी चिमी चौथीत आहे आणि तिला सगळ्यातलं सगळं कळतं.

पहिल्या आठवड्यातच मी निदान केलं. ही अध्यक्षीय पद्धत. सगळे अधिकार एका हाती. आज जेवायला काय, पाहुणे कधी, कुणाची अंघोळ कुणाच्या आधी, हे सूनबाई दात घासता घासता ठरवते आणि तोंडातला फेस टाकून जाहीर करते. अपील नाही. माझा मुलगा प्रत्येक निर्णयाला "हं" म्हणतो. हे "हं" होकाराचं की नुसतं पोच दिल्याचं, यावर मी बराच विचार केला.

माझी निरीक्षणं मी रोज संध्याकाळी सचिवांना फोनवर सांगत असे. सचिव म्हणजे माझे जुने सहकारी. ते लोकप्रशासन शिकवायचे आणि विभागातल्या प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त लिहायचे, म्हणून हे नाव. आता त्यांना कमी ऐकू येतं. मलाही थोडं कमी येतं असं डॉक्टर म्हणतो, पण डॉक्टरच फार पुटपुटतो. चहा झाला की मी माझ्या खोलीचं दार लावून घ्यायचो आणि फोन लावायचो. माझा समज असा की मी हळू बोलतो. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल, इतकंच.

"सचिव, इथे कार्यकारी सत्ता संपूर्ण सूनबाईंकडे आहे."

"काय? मोठ्याने बोला!"

"सगळी सत्ता सुनेकडे! आणि माझा मुलगा नामधारी राष्ट्रपती! समोर येईल त्यावर सही करतो!"

"अरे वा! आणि तब्येत?"

"तब्येतीचं काय, उशी फार उंच आहे. मान धरते. पण ते यांना कशाला सांगायचं? आपण निरीक्षक. निरीक्षकाने व्यवस्थेत ढवळाढवळ करायची नसते!"

दुसऱ्या दिवशी रात्री माझ्या पलंगावर बेताची, मऊ उशी होती. मी चकित झालो. कुणाकडे तक्रार नाही, अर्ज नाही, तरी सुधारणा! पुढच्या आठवड्यात वाचायच्या दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो असं सचिवांना म्हटलं, तर दिव्याला वाकती मान आली. चहा कोमट असतो म्हटलं, तर चहा असा वाफाळता आला की जीभ भाजली. तेही मी सचिवांना सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी चहा जिभेला सोसेल असा झाला. आमच्या शास्त्रात असं होत नाही. सत्ता एका हाती असली की तक्रारी वरपर्यंत पोचत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलंय. इथे तर तक्रार नसतानाच दखल घेतली जात होती. मी याला 'अंतःप्रेरित सुधारणा' असं नाव दिलं आणि दोन दिवस स्वतःवर खूश होतो.

आणखी एक गोष्ट मी टिपली. रोज संध्याकाळी माझ्या फोनच्या सुमाराला घर एकदम चिडीचूप होई. टीव्ही बंद, कुकर बंद, चिमीची बडबड बंद. सगळे स्वयंपाकघरात जमत, आणि स्वयंपाकघर माझ्या खोलीला लागूनच. दिवसाकाठी थोडा वेळ कुटुंबाने एकत्र शांत बसायचं, किती छान शिस्त, असं मला वाटलं. ही कुठून आली असेल बरं, असा प्रश्न पडला, आणि उत्तर साधारण माझ्याच दिशेने येतंय असंही वाटलं.

दोन महिन्यांनी मुलीकडे आलो. निघताना मुलाने बॅग गाडीत ठेवली, ती नवी उशी पिशवीत घालून माझ्या मांडीवर दिली आणि "हं" म्हणाला.

मुलीचं घर म्हणजे दुसरं टोक. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे तिचा आवाज रस्त्यावरचा, आणि शेजारच्या सीटवरून ब्रेक दाबायची सवय संभाषणातही असते. जावईबापू घरी बसून पुस्तकांची मुखपृष्ठं करतात. त्या घरात कोणतीही गोष्ट चर्चेशिवाय होत नाही. पडदा कुठल्या रंगाचा घ्यायचा यावर आघाडी होते, मोडते, जावईबापू विरोधी बाकांवर जातात आणि स्वयंपाकघरातून ओरडून सभात्याग करतात. पडदा मात्र अजून लागलेला नाही. मी सचिवांना आनंदाने सांगितलं, "ही शुद्ध संसदीय पद्धत! सरकार रोज पडतं आणि रोज त्याच दोघांचं परत येतं!"

मला तिथे मजा यायची. मुलीशी मी रोज भांडत असे. बाथरूमच्या दाराची कडी अडकते, हे मात्र मी तिला बोललो नाही, सचिवांना बोललो. दुसऱ्या दिवशी कडीला तेल. गुडघा रात्री ठणकतो म्हटलं, तर पलंगाशेजारी शेकायची पिशवी. आणि संध्याकाळी, माझ्या फोनच्या सुमाराला, हे भांडकुदळ घरसुद्धा चिडीचूप. दोघंही स्वयंपाकघरात. भिंतीपलीकडे.

मग मात्र माझ्यातला प्राध्यापक ताडकन उठून बसला. दोन व्यवस्था, सर्वस्वी वेगळ्या. एकीकडे एकहाती सत्ता, दुसरीकडे बारमाही वादविवाद. तरी दोन्हीकडे तीच संध्याकाळची शांतता आणि त्याच न मागता होणाऱ्या सुधारणा. मग समान घटक कोणता? मी फोनवर विजयाने गरजलो, "सचिव! दोन्ही घरांत समान घटक एकच! मी! माझे संस्कार! पोरांना मी काही शिकवलं नाही असं बायको म्हणायची. आज असती तर दाखवलं असतं!"

भिंतीपलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, मांजर असेल. त्या घरात मांजर नाही, हे मला माहीत होतं, पण सिद्धांत सापडलेला माणूस मांजराचा विचार करत नाही.

पुढच्याच आठवड्यात सचिवांनी फोन उचलला नाही. कानाच्या डॉक्टरकडे गेले होते, ते मला नंतर कळलं. मी थोडा वेळ वाट पाहिली, मग पाणी प्यावं म्हणून उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो.

मुलगी भिंतीला टेकून उभी होती, हातात अर्धवट सोललेला बटाटा. जावईबापू स्टुलावर बसून कान भिंतीकडे करून होते. टेबलावर मुलीचा फोन पडलेला, स्पीकर चालू. आणि त्या फोनातून चिमीचा आवाज आला, "आत्या, आज आजोबांच्या बातम्या सुरू का नाही झाल्या?"

त्यामागून सूनबाईचा आवाज, "काल मान परत आखडली म्हणत होते. आज काय म्हणतात ते नीट ऐका हं, ताई."

मुलीने मला बघितलं. बटाटा तिच्या हातातून सुटला आणि टेबलाखाली गेला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खासगीपणाचा अधिकार या विषयावर मी पूर्वी चांगली तीन व्याख्यानं देत असे. ती मी तिथे उभ्या उभ्या एका दमात दिली. पाळत ठेवणारी राज्यं मी तपशीलवार शिकवली होती, पण ती माझ्याच पोरांनी माझ्याच उशाशी उभी करावीत, हे कुठे बसतं? जावईबापूंनी मान खाली घातली.

मुलगी मात्र माझीच. तिने मला थांबवलं. "झालं तुमचं? आता माझं ऐका. आम्ही विचारलं की तुम्ही काय म्हणता? 'सगळं उत्तम आहे, मला काही नको.' मान दुखते का विचारलं तरी उत्तम. जेवण कसं झालं विचारलं तरी उत्तम. आणि दार लावून त्या काकांना सांगता की रात्रभर झोप नाही. मग आम्हाला कळायचं कसं?"

"निरीक्षकाने ढवळाढवळ…"

"तुम्ही निरीक्षक नाही, बाबा. तुम्ही आमचे वडील आहात." ब्रेक तिने असा दाबला की मी बोलता बोलता थांबलो. "आई होती तोवर आई सांगायची आम्हाला. बाबांचा पाय दुखतोय, बाबा रागावलेत, बाबांना तुझी आठवण येते. हे तुम्ही स्वतः कधी एकदा तरी सांगितलंत? आई गेल्यावर तुमच्याकडून आम्हाला काहीच कळेनासं झालं. मग एक दिवस तुमच्या लेकाचा फोन आला, की ताई, बाबा फोनवर ओरडून सगळं सांगतात, भिंतीतून स्पष्ट ऐकू येतं. रडत होता तो."

मी टेबलावरच्या फोनाकडे बघितलं. पलीकडे माझा मुलगा ऐकत होता. नामधारी राष्ट्रपती. हे शब्द त्याने भिंतीशी उभं राहून ऐकले होते, बायकोच्या आणि मुलीच्या देखत.

"आहेस का रे?" मी विचारलं.

"हं," फोन म्हणाला. आणि मग, "नामधारी तर नामधारी, बाबा. पण उशी मीच आणली होती. तीन दुकानं फिरलो. हातात धरून, दाबून बघितल्या सगळ्या. म्हटलं, बाबांसारखी तुलना करून घ्यावी."

मी खोलीत आलो आणि दार लावलं. 'समान घटक मी' हे माझं अनुमान अगदी बरोबर होतं. दोन्ही घरं गप्प बसत होती ती माझ्यामुळे, सुधारत होती ती माझ्यामुळे, आणि दोन्ही घरांत तोंडाने काही न सांगणारा माणूसही मीच होतो. एवढी वर्षं शिकवलेली पद्धत आयुष्यात एकदा अचूक चालली आणि तिने माझंच नाक कापलं. बायकोची इतकी आठवण आली की मी उशी पोटाशी धरून बसलो. ती माझी प्रवक्ती होती, आणि मी तिला कधी त्या पदाचं साधं आभारपत्रसुद्धा दिलं नव्हतं.

रविवारी निकाल सांगायचा होता. मुलगा, सूनबाई आणि चिमी मुलीकडे आले. पडदा नसलेल्या खिडकीतून ऊन थेट सोफ्यावर पडत होतं आणि सगळे डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होते. मी उठून उभा राहिलो. बसून मला बोलता येत नाही.

"दोन्ही व्यवस्थांचे आपापले गुणदोष आहेत," मी सुरुवात केली. "अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य असतं. संसदीय पद्धतीत लवचिकता असते. अर्थात स्थैर्य म्हणजे काय, हे आधी…"

मुलगा पुलाखाली बघावं तसा माझ्याकडे बघत होता. कुठे तडा गेलाय ते शोधत. मला काय सांगायचं होतं ते मला ठाऊक होतं. चार दिवस मी तेच घोकत होतो. पण मुलाच्या तोंडावर ते म्हणणं मला जमेना. मी खडू धरल्यासारखा हात हवेत धरून थांबलो, आणि या वेळी थांबल्यावर पुढे काही आलंच नाही.

"आलोच," असं म्हणून मी खोलीत गेलो.

दार लावलं. पलंगावर बसलो. फोन हातात घेतला आणि कानाला लावला. नंबर लावला नाही. बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, पावलांचा आला, मग स्वयंपाकघराच्या बाजूने काहीच येईना. सगळे भिंतीपलीकडे जमले होते.

"हॅलो, सचिव," मी म्हणालो. "मी बोलतोय. निकाल ठरलाय. शास्त्रीय कारण मागू नका, नाहीये. मला मुलाकडे राहायचंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मुलीला वाईट वाटेल, हे मला कळतं."

"वाटलं!" भिंत मुलीच्या आवाजात म्हणाली. "पुढे बोला!"

"तिच्याशी माझं रोज भांडण होतं, सचिव. म्हणजे तिचं माझं बरं चाललंय. ती कुठेही असली तरी येऊन भांडेल. पण मुलाशी माझं आजवर धड भांडणसुद्धा झालेलं नाही. तो 'हं' म्हणतो, मी 'उत्तम' म्हणतो. मधे त्याची आई होती, तिने सांभाळून घेतलं. आता मी दुसरीकडे राहिलो तर आमचं बोलणं राहूनच जाईल. माझ्याकडे फार वेळ नाही."

फोन माझ्या कानाशी मुका होता. माझा आवाज बसला होता, मला स्वतःलाच तो ऐकू येत नव्हता.

"त्याला नामधारी म्हणालो, ते चुकलं. सही करणारा माणूस घरात असतो म्हणून बाकीचे निर्धास्त असतात. हे मी वर्गात शिकवलंय, घरात विसरलो. उशी फार चांगली आहे. आणि… मी त्याच्याकडे राहिलेलं त्याला चालेल का, एवढंच विचारायचं आहे. पण ते मला विचारता येत नाही, सचिव."

मी थांबलो. कुकर नाही, टीव्ही नाही, चिमीसुद्धा नाही. मला वाटलं, मुलगा निघून गेला असेल.

मग भिंतीपलीकडून माझ्या मुलाचा आवाज आला. एवढ्या मोठ्याने तो जन्मात बोलला नव्हता.

"काय? मोठ्याने बोला, बाबा! ऐकू येत नाही!"

मी फोन पलंगावर ठेवला, दार उघडलं आणि स्वयंपाकघरात जाऊन त्याला पुन्हा विचारलं.